दुकानाची पत आणि गिऱ्हाइकाची साक्ष



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून माझ्या एका मित्राने मला विचारले, "यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? जेवण आवडले तर पाच तारे द्यावेत, नाही आवडले तर एक द्यावा आणि मोकळे व्हावे." मित्राचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. बहुतेक लोक असेच करतात. मीही असेच केले होते, आणि केले म्हणूनच आज या विषयावर बोलायला उभा आहे. ती हकीकत थोडी पुढे सांगतो.

माझ्या लहानपणी दुकानाची कीर्ती पायी चालत असे. शिंपी कापड मारतो की उरलेला तुकडा परत देतो, वाण्याचे माप पुरते आहे की नाही, कोणत्या खानावळीत महिनाअखेरीला आमटी पातळ होते, हे सगळे पेठेत ठाऊक असे. आणि महत्त्वाचे म्हणजे, ते सांगणारा माणूसही ठाऊक असे. "त्यांचे काय ऐकता, त्यांना स्वतःच्या घरचे जेवणसुद्धा आवडत नाही," असे म्हणून ऐकणारा त्यातले निम्मे वजा करी. अभिप्रायाबरोबर अभिप्राय देणाराही तोलला जात होता. दुसरी सोय होती ती तक्रारवहीची. एस.टी.च्या स्थानकावर वही मागून घ्यावी, त्यात आपले म्हणणे लिहावे, खाली नाव आणि पत्ता घालावा. ती तक्रार वरिष्ठांकडे जाई. बाकावर बसलेल्या उतारूंना ती वाचून दाखवण्याची रीत नव्हती.

आज मोबाईलवर आपण जे चार शब्द लिहितो, ते या दोन्ही गोष्टींचे काम एकाच वेळी करतात. ती तक्रारही असते आणि जाहीर बातमीही असते. पण पूर्वीच्या दोन्ही सोयींत जो एक आधार होता तो मात्र इथे नाही. लिहिणारा अनोळखी, वाचणारा अनोळखी. आणि ज्याच्याविषयी लिहिले तो मात्र नाव, गल्ली, दूरध्वनी क्रमांक आणि दाराच्या छायाचित्रासह उघडा. शिवाय लिहिणाऱ्याने त्या दुकानात पाऊल टाकले होते की नाही, याचा पुरावाही नकाशावरच्या अभिप्रायासाठी कोणी मागत नाही.

आता माझी हकीकत. दोन वर्षांपूर्वी होळीला आमच्याकडे पाहुणे यायचे होते. घरी पुरण घालण्याची उमेद आता आम्हा दोघांत राहिलेली नाही. जवळच एक बाई घरगुती पुरणपोळ्या करून देतात असे मोबाईलवर दिसले. चार जणांनी अभिप्राय दिले होते, चारही पाच ताऱ्यांचे. मी २० पोळ्यांची मागणी नोंदवली आणि अकरा वाजता पोचवा म्हणून सांगितले. पोळ्या आल्या एक वाजता. त्यातल्या पाचसहा फाटलेल्या होत्या, पुरण बाहेर आले होते. पाहुण्यांसमोर पान वाढताना माझा चेहरा पडला. त्याच संध्याकाळी मी आरामखुर्चीत बसून एक तारा दिला आणि लिहिले, "वेळेची किंमत नाही, गिऱ्हाइकाची किंमत नाही. कोणीही या बाईंच्या नादी लागू नये." लिहून झाल्यावर मला बरेच हलके वाटले, हे कबूल केले पाहिजे.

चार दिवसांनी हा पराक्रम मी पत्नीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अहो, एक वाजता आणा असं मीच सांगितलं होतं त्यांना. पाहुण्यांची गाडी उशिरा येणार असं कळलं ना सकाळी! पोळ्या गार होतील म्हणून मीच फोन केला."

म्हणजे माझ्या आरोपपत्रातला पहिला आरोप खोटा होता. दुसरा, फाटलेल्या पोळ्यांचा, खरा होता. परंतु तो मी लिहिलाच नव्हता! "गिऱ्हाइकाची किंमत नाही" या वाक्यात मला वाटत होते की तो आला. रागाच्या भरात लिहिणाऱ्याचे हे नेहमीचे लक्षण आहे. जे डोळ्यांनी पाहिले ते तो लिहीत नाही, त्यावरून मनाने जे ठरवले तेवढेच लिहितो.

आपल्या शब्दाने त्या बाईंचे काय झाले असेल याचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. तो आपणही पाहावा, कारण साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. चार जणांचे पाच-पाच म्हणजे २० तारे. त्यात माझा एक मिळून २१. पाच माणसांत विभागले की सरासरी ४.२. पाचावरून एकदम ४.२. आता ही सरासरी पुन्हा ४.८ वर न्यायची तर किती समाधानी गिऱ्हाइके लागतील? पंधरा. माझी आरामखुर्चीतली पाच मिनिटे भरून काढण्यासाठी पंधरा माणसांनी पोळ्या खाऊन, खूश होऊन, शिवाय आठवणीने मोबाईल उघडून पाच तारे द्यायचे! तोच एक तारा मी दोन हजार अभिप्राय असलेल्या एखाद्या मोठ्या हॉटेलाला दिला असता तर त्याच्या सरासरीचा दशांशसुद्धा हलला नसता. आपण दोघांनाही एकच दगड मारतो. एकाची भिंत असते, दुसऱ्याची काच असते.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मायकेल लुका यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिएटल शहरातील उपाहारगृहांची करखात्याकडे नोंदलेली विक्री आणि 'येल्प' या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरील तारे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. एक तारा वाढला की विक्री ५ ते ९ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, हा परिणाम स्वतंत्र, एकट्या मालकाच्या उपाहारगृहांवर दिसला. जागोजागी शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांवर दिसला नाही. कारण उघड आहे. साखळीच्या हॉटेलात काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असते. "आमची कोठेही शाखा नाही" अशी पाटी लावणाऱ्याला मात्र अनोळखी गिऱ्हाइकासमोर दुसऱ्यांच्या शब्दाशिवाय जामीन नसतो.

मग हे शब्द लिहितो कोण? ज्याला फार आवडले तो लिहितो आणि ज्याला फार राग आला तो लिहितो. ज्याचे पोट व्यवस्थित भरले, पैसे वाजवी पडले आणि जो पान खाऊन घरी गेला, तो काहीच लिहीत नाही. नान हू, पॉल पावलू आणि जी झांग या संशोधकांनी २००९ साली ॲमेझॉनवरील पुस्तकांच्या व चित्रफितींच्या अभिप्रायांचा आलेख काढून दाखवला, तो इंग्रजी 'जे' अक्षरासारखा निघाला: एका टोकाला थोडी निंदा, दुसऱ्या टोकाला भरमसाट स्तुती आणि मध्ये खड्डा. त्या खड्ड्यातच खरे तर आपण बहुतेक जण राहतो. याचा अर्थ असा की, न लिहिणारा समाधानी माणूससुद्धा चित्र बिघडवण्यात वाटेकरी आहे. आपल्याकडे तर "कशाला वाईटपणा घ्यायचा" ही एक वृत्ती आहे आणि "चांगले आहे ते सांगायचे काय" ही दुसरी. दोन्ही मिळून आपल्याला गप्प ठेवतात, आणि मग पेठेतल्या दुकानांची पत ठरवण्याचे काम संतापलेल्यांच्या आणि भारावलेल्यांच्या हाती जाते.

शिवाय पहिल्या माणसाचा शब्द दुसऱ्याचे डोळे रंगवतो. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मुचनिक, अराल आणि टेलर यांचा एक प्रयोग छापून आला. तो दुकानांविषयी नव्हता, बातम्यांच्या एका संकेतस्थळावरील वाचकांच्या शेऱ्यांविषयी होता. काही शेऱ्यांना प्रयोगकर्त्यांनी आधीच एक अनुकूल मत देऊन ठेवले, आणि शेवटी अशा शेऱ्यांची गुणसंख्या इतरांपेक्षा सरासरीने २५ टक्के जास्त भरली. म्हणून माझा एक सोपा नेम आहे: लिहायचे असेल तर दुसऱ्यांचे वाचण्याआधी लिहावे. कोर्टात सुद्धा एका साक्षीदाराची साक्ष चालू असताना पुढच्याला बाहेर बसवतात.

साक्षीदार हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपण अभिप्राय लिहायला बसलो की नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि निकाल देतो: "भिकार", "लुटारू", "अप्रतिम", "पुण्यात एक नंबर". परंतु आपल्याला निकाल विचारलेला नसतो. आपण एकदा, एका वेळी, एका टेबलावर बसून काय पाहिले, एवढेच विचारलेले असते. निकाल वाचणारा देईल. तेवढी अक्कल त्याला असते.

साक्ष कशाला म्हणावे याचा विचार आपल्या नैयायिकांनी पुष्कळ करून ठेवला आहे. त्यांची प्रमाणे चार. आपल्या कामापुरती तीन घेऊ: प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द. "भाजी शिळी होती" हे अनुमान आहे. "भाजीला आंबूस वास येत होता" हे प्रत्यक्ष आहे. "हे लोक फसवतात" हे अनुमान; "दरपत्रकात १२० रुपये होते, बिलात १४० लावले, विचारल्यावर दरपत्रक जुने आहे म्हणाले" हे प्रत्यक्ष. "यांच्या स्वयंपाकघरात झुरळे असतात असे ऐकतो" हा शब्द, तोही कुणाचा ते माहीत नसलेला. तो लिहूच नये. अनुमान करू नये असे माझे म्हणणे नाही. आधी पाहिलेले लिहावे, मग "यावरून मला असे वाटले" असे म्हणून अनुमान लिहावे, म्हणजे वाचणाऱ्याला ते पटवून घेता येते किंवा सोडून देता येते. चौथे प्रमाण उपमान. त्याचा आपल्याकडे "आमच्या कोल्हापूरसारखी मिसळ नाही" असा उपयोग होतो. शास्त्रीमंडळींनी मला क्षमा करावी. पण कोल्हापूरच्या रश्श्याचा झणका पुण्याच्या मिसळीत सापडला नाही यात पुण्याच्या हॉटेलवाल्याचा अपराध काय? त्याने कोल्हापूरची मिसळ देतो म्हणून पाटी लावली असेल तर गोष्ट वेगळी.

इथेच मापाचा प्रश्न येतो. ज्याने जे कबूल केले, त्या मापाने त्याला मोजावे. खानावळीने पोटभर, ताजे, वाजवी दरात जेवण देण्याचे कबूल केले आहे. तिथे गार हवेचे यंत्र नाही म्हणून दोन तारे कापणे म्हणजे सायकलला इंजिन नाही म्हणून तक्रार करणे होय. पुण्यातल्या काही दुकानांवर दुपारी १ ते ४ बंद अशी पाटी असे, आणि अजूनही कुठे कुठे दिसते. त्या पाटीची थट्टा आपण खुशाल करू, तो आपला परंपरागत हक्क आहे. पण पाटी असताना अडीच वाजता जाऊन "दुकान बंद होते" म्हणून एक तारा देणारा अभिप्राय मी वाचला, तेव्हा दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाचीच कीव आली. उलट, पाटीवर "सकाळी ९ पासून" लिहून दहा वाजेपर्यंत कुलूप असेल आणि हे दोनतीनदा घडले असेल, तर ते तारीखवार लिहावे. दुकानदार कितीही सज्जन असला तरी लिहावे. अनोळखी माणूस रिक्षा करून तिथे जाणार असतो.

दोनतीनदा हा शब्दही महत्त्वाचा आहे. एकदा घडलेली गोष्ट अपघात असू शकते. तीनदा घडलेली सवय असते. आपण कितव्यांदा गेलो होतो हे लिहिण्याने अभिप्रायाचे वजन वाचणाऱ्याला कळते. "पाच वर्षे इथे चष्मा करतो, पहिल्यांदाच नंबर चुकला, त्यांनी दोन दिवसांत काच बदलून दिली, जादा पैसे घेतले नाहीत." या एका वाक्यात चूक आहे, दुरुस्ती आहे, आणि माणसाची ओळख आहे. याला तारे किती द्यावेत हा प्रश्नच गौण होतो. मला विचाराल तर चूक सुधारण्याची रीत हीच दुकानाची खरी परीक्षा. चुकत कोण नाही? चूक दाखवल्यावर मालक काय करतो, हे गिऱ्हाइकाला आधी कळले तर त्याचा खरा फायदा. आणि ते कळण्यासाठी आधी मालकाला चूक दाखवावी लागते. गल्ल्यावर शांतपणे सांगावे, किंवा दुसऱ्या दिवशी फोन करावा. आपल्यातले अनेक जण गल्ल्यावर "छान होतं हं" म्हणून पैसे देतात आणि घरी जाऊन एक तारा देतात. हा भित्रेपणा आहे, आणि तो मी केला आहे.

दोष कुणाचा, हेही पाहिले पाहिजे. घरपोच मागवलेले जेवण सांडले तर ते स्वयंपाक्याने सांडले की आणणाऱ्या मुलाने? आषाढातल्या पावसात तो मुलगा अर्धा तास उशिरा आला, तर त्या उशिराची किंमत आमटी करणाऱ्याने का द्यावी? रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही, हा बहुधा महापालिकेविषयीचा अभिप्राय असतो. आणि एक गोष्ट मी फार आग्रहाने सांगेन: वाढप्याचे, केशकर्तनालयातल्या मुलाचे, दुकानातल्या नोकर मुलीचे नाव निंदेत घालू नये, छायाचित्र तर मुळीच टाकू नये. मालकाची पत कमी होईल. नोकराची नोकरी जाईल. स्तुतीत मात्र नाव अवश्य घालावे. "वाढणाऱ्या दादांनी आईला न सांगता मऊ भाकरी आणून दिली" एवढे लिहिले तरी त्या माणसाला मालकासमोर थोडे ताठ उभे राहता येते. कुणाच्या आडनावावरून, प्रांतावरून, बोलीवरून टोमणा मारणे याचा चवीशी काही संबंध नाही. ते लिहिणाऱ्याविषयीचेच प्रमाणपत्र होते.

काही व्यवसायांत तर आपल्याला पाहताच येत नाही असे पुष्कळ असते. डॉक्टरचे उदाहरण घ्या. दवाखान्यात किती वेळ बसावे लागले, पैसे आधी सांगितले की नाही, शंका विचारू दिल्या की नाही, हे रुग्ण सांगू शकतो आणि त्याने ते जरूर सांगावे. निदान चुकले की बरोबर होते, हे बहुधा त्याला सांगता येत नाही. त्यात दुसरी एक अडचण अशी की, हॉटेलवाला आपल्या अभिप्रायाखाली उत्तर लिहू शकतो, "साहेब, त्या दिवशी असे असे झाले होते." डॉक्टर तसे लिहू शकत नाही, कारण रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे त्याच्यावर बंधन आहे. ज्याचे हात बांधले आहेत त्याच्यावर शब्द टाकताना हात थोडा आवरावा. मिक्सर दुरुस्त करणाऱ्याचेही थोडेफार तसेच. "पार्ट बदलावाच लागेल" म्हणाला म्हणजे लुबाडतोच असे नाही. जुना पार्ट परत दिला का, पावती दिली का, किती दिवसांची हमी दिली, हे मात्र आपल्याला पाहता येते.

आतापर्यंत निंदेविषयी बोललो. खोटी स्तुतीही तितकीच घातक असते, पण ती गोड असल्यामुळे तिचे विष कळत नाही. भाच्याने नवे दुकान काढले की साऱ्या गोतावळ्याने पाच तारे द्यायचे, हा आता अहेरासारखा रिवाज झाला आहे. गल्ल्यावर चौकोनी ठिपक्यांचे कार्ड ठेवतात आणि मालक म्हणतो, "इथेच पाच तारे द्या, ताक आमच्याकडून." ते ताक पिऊन दिलेला तारा शेजारच्या प्रामाणिक हॉटेलवाल्याच्या खिशातून जातो, कारण तो ताक वाटत नाही म्हणून मागे पडतो. हे कुठवर जाऊ शकते ते लंडनमध्ये २०१७ साली दिसले. ऊबा बटलर नावाच्या एका तरुण पत्रकाराने आपल्या घरामागच्या बागेतल्या एका खोपटाला उपाहारगृहाचे नाव दिले, ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले, आणि 'ट्रिपॲडव्हायझर' या संकेतस्थळावर ते लंडनमधले पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह झाले. तोपर्यंत तिथे एकही पान वाढले गेले नव्हते.

त्याच इंग्लंडात १९५१ साली याच्या अगदी उलट एक गोष्ट घडली होती. युद्धानंतरचे रेशनिंग अजून चालू होते आणि बाहेरच्या जेवणाची दुर्दशा होती. रेमंड पोस्टगेट या लेखकाने सामान्य गिऱ्हाइकांना आवाहन केले की, तुम्ही जिथे जेवलात तिथला अनुभव मला लिहून कळवा. त्या पत्रांतून 'द गुड फूड गाइड' हे पुस्तक तयार झाले. लिहिणारे हौशी होते, पैसे घेत नव्हते, आणि पुस्तकात उपाहारगृहांच्या जाहिराती नव्हत्या. आज आपल्या हातात त्याहून कितीतरी सोपे साधन आहे. फक्त मध्ये संपादक नाही. म्हणजे पोस्टगेट यांचे काम ज्याचे त्याने करायचे आहे.

सरकारांनीही यात लक्ष घातले आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. अभिप्राय गोळा करणाऱ्या संस्थांनी सचोटी, अचूकता आणि पारदर्शकता कशी राखावी हे त्यात आहे. जाहीर झाले तेव्हा ते ऐच्छिक होते. अमेरिकेत खोट्या आणि विकत घेतलेल्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला, ब्रिटनमध्ये तशी तरतूद एप्रिल २०२५ पासून अमलात आली. नियम हवेतच. पण भाच्याच्या दुकानाला आत्याने दिलेले पाच तारे कोणता नियम पकडणार?

आता कोणी म्हणेल, इतका विचार करायचा तर खरोखरच फसवणाऱ्याचे काय करायचे? त्याच्याशीही असेच सौम्य वागायचे का? मुळीच नाही. तिथे तर अभिप्राय हे फार दुबळे हत्यार आहे, त्यावर थांबू नये. अन्नात भेसळ वाटली, खाऊन आजार झाला, तर अन्न व औषध प्रशासनाकडे जावे. दुकानाच्या परवान्याचा १४ अंकी क्रमांक लावलेला असतो, तो टिपून घ्यावा. पैसे घेऊन काम केले नाही, सदोष वस्तू बदलून दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर फोन करावा. त्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची सोय दिली आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पावती जपून ठेवणे एवढे मात्र आपल्याला जमले पाहिजे. आपण एक तारा देतो, पावती केराच्या टोपलीत टाकतो, आणि आपले कर्तव्य झाले असे समजतो.

बदनामीच्या खटल्याची भीती दाखवणारे दुकानदारही भेटतात. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बदनामीविषयी आहे. लोकहितासाठी केलेले खरे विधान, तसेच सद्भावनेने केलेली काही मतप्रदर्शने, यांना त्यात अपवाद ठेवले आहेत. इथे नुसते "खरे" पुरत नाही, "लोकहितासाठी" हेही शब्द आहेत. मला हे शब्द आवडतात. दरपत्रक आणि बिल यांतला फरक लोकांना सांगणे लोकहिताचे आहे. मालकाचे घरगुती भांडण सांगणे नाही. जो माणूस तारीख, वेळ, घेतलेली वस्तू आणि दिलेले पैसे लिहितो, "चोर" हा शब्द लिहीत नाही, त्याची बाजू धमकीच्या पत्रासमोर बरीच भक्कम असते. अशा माणसाने घाबरून आपला अभिप्राय काढून टाकू नये.

राहिली माझी पोळ्यांची गोष्ट. पत्नीने सांगितल्यावर मी त्या बाईंना फोन केला. मनात होते की त्या दोन शब्द सुनावतील. त्या म्हणाल्या, "काका, त्या दिवशी तीनशे पोळ्या होत्या, हाताखालची मुलगी आली नाही. शेवटच्या घाण्याचं पुरण सैल झालं होतं, ते मला कळलं होतं. तुम्ही तेव्हाच फोन केला असता तर पाच पोळ्या बदलून पाठवल्या असत्या. पण उशीर झाला म्हणून लिहिलंत, ते मात्र मला समजलंच नाही. वहिनींचा निरोप मी वहीत लिहून ठेवलाय." गुढीपाडव्याच्या मागण्या नेहमीपेक्षा कमी आल्या, हेही त्यांनी सांगितले. माझ्या अभिप्रायामुळे असे त्या म्हणाल्या नाहीत.

आपला जुना अभिप्राय बदलण्याची सोय असते, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरली. नवा मजकूर असा होता: "होळीला २० पोळ्या मागवल्या. ठरलेल्या वेळी आल्या. आधी मी उशीर झाल्याचे लिहिले होते ती माझी चूक होती. चव चांगली, वेलदोडा-जायफळ बेताचे. पाच-सहा पोळ्या फाटलेल्या होत्या. हे मी त्या दिवशी कळवले नाही. कळवले असते तर बदलून दिल्या असत्या असे त्यांनी सांगितले. सणाच्या दिवशी मागणी मोठी असते, शक्य तर आदल्या दिवशी मागवाव्यात." तारे चार दिले. पत्नी पाच द्या म्हणत होती, पण फाटलेल्या पोळ्या फाटलेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याखाली बाईंचे उत्तर आले होते: "धन्यवाद काका. पुरण आता घट्ट करते."